गादीवाफ्यातल्या भाज्या दर हंगामात पिवळ्या पडतात? खताच्या पोत्याला हात लावण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं

गादीवाफा म्हणजे फळ्यांच्या चौकटीत माती-खताचं मिश्रण भरून केलेला उंच वाफा. पहिल्या वर्षी तो झकास असतो. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात, लावणीनंतर महिनाभरात, पानं पिवळी पडायला लागतात. पण पिवळेपणाचेही प्रकार आहेत. तुमच्या वाफ्यात यातलं काय दिसतंय ते ताडून बघा:

- खालची जुनी पानं सरसकट फिकट होऊन पिवळी, शेंडा हिरवा, पण वाढ खुंटलेली.
- खालच्याच पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी.
- याच्या उलट: शेंड्याची कोवळी पानं पिवळी, कधी पार पांढुरकी, आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसते.
- माती ओली असूनही झाडाने सकाळीच मान टाकलेली.
- पानांच्या कडा करपलेल्या.
- पानभर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके. लांबून पान धुळकट वाटतं.
- हिरवे-पिवळे चट्टे, शिराच पिवळ्या, पान आखडलेलं.
- नवी पानं वाटीसारखी वळलेली किंवा दोऱ्यासारखी बारीक.

वाढलेल्या झाडाची अगदी तळाची दोन-तीन पानं पिवळी होऊन गळाली, तर तो आजार नाही. सावलीत गेलेलं पान झाड स्वतःच सोडून देतं. रोपाची पहिली जोडपानंही अशीच जातात. भर दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारं झाडही ठीक असतं.

माझ्याकडे चार गादीवाफे आहेत, सगळे सेंद्रिय. ओळखीच्यांचेही बघायला जाते. आणि जिथे जाते तिथे ऐकते ते एकच: "खत कमी पडलं असेल, अजून थोडं टाकते." पिवळ्या पानाचा अर्थ आपण लगेच भूक असा लावतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वाफ्यात खत असतं. मुळांना ते घेता येत नसतं. म्हणून खालचा क्रम पाळा. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत आणि निम्म्याहून जास्त वाफे तिथेच सुटतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठ-दहा दिवस थांबा. चार उपाय एकदम केले की कशाने गुण आला ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी आपण पुन्हा तिथेच. गुण येतोय का ते नव्या पानात बघायचं; जुनं पिवळं पान बहुतेक पुन्हा हिरवं होत नाही.

१. नुसतं बघा: कुठलं पान आणि वाफ्याचा कुठला कोपरा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरू शकतात. टंचाई आली की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, त्यामुळे खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. एकदा ज्या पानात गेलं तिथेच बसतं, म्हणून तुटवडा कोवळ्या पानांत दिसतो. एवढं एक कळलं तरी अर्धी शोधाशोध वाचते: शेंडा पिवळा असताना वरून शेणखत ओतत राहण्यात अर्थ नाही.

मग वाफ्यापासून चार पावलं मागे जाऊन उभ्या राहा. पिवळी झाडं सगळीकडे सारखी विखुरली आहेत, की एका कडेला? सगळा वाफा सारखाच फिका असेल तर दोष मिश्रणात किंवा पाण्यात. एकच कोपरा असेल तर निचरा, सावली किंवा मुळाशी काहीतरी. मधेच एखादंच झाड पिवळं आणि शेजारी टवटवीत, तर कीड किंवा रोग. एकाच पिकाची सगळी झाडं पिवळी आणि बाकी भाज्या उत्तम, तर संशय त्या पिकाच्या रोगावर. कागदावर चौकोन काढून खुणा करून ठेवा. फोटोत हा नकाशा दिसत नाही, फोटो आपण नेहमी सगळ्यात वाईट पानाचाच काढतो.

२. बोट घाला: पाणी

हीच तपासणी सगळ्यात जास्त वेळा कामी येते, आणि लोक हीच टाळतात. "पाणी रोज घालते की" हे उत्तर नव्हे. वरची माती बाजूला सारा आणि मधलं बोट पूर्ण आत घाला. मग दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवरून मूठभर मिश्रण काढून घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचताच फुटला, तर वाफसा आहे. बोटांमधून पाणी ओघळलं तर जास्त ओलं. गोळाच झाला नाही तर कोरडं. ही मूठ वाफ्यात तीन ठिकाणी घ्या: मध्यावर, कडेला आणि जिथे सगळ्यात पिवळं आहे तिथे.

जास्त ओलं निघालं तर नाकाशी नेऊन वास घ्या. चांगल्या मिश्रणाला पहिल्या पावसाच्या जवळपासचा वास असतो. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा उरलेली नाही. मुळांना श्वास घ्यावा लागतो. पाण्याने सगळ्या पोकळ्या भरल्या की मुळं खत असूनही उचलू शकत नाहीत. वर आणखी एक नुकसान होतं. हवा नसलेल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटमधला (नत्राचं विरघळणारं रूप) प्राणवायू वापरतात आणि नत्र वायूच्या रूपात उडून जातं. म्हणजे अति पाण्याने पिवळं झालेलं झाड आणि उपाशी झाड दिसायला जवळजवळ सारखंच. अशा वेळी खत घातलं की अर्धमेल्या मुळांवर आणखी ओझं. उपाय साधा आहे: पाणी बंद करा, आच्छादन तात्पुरतं बाजूला ओढा, वरचा थर हाताने मोकळा करा, आणि बोट सांगेल तेव्हाच पुन्हा पाणी द्या.

कोरडा निघाला तर गंमत वेगळी आहे, आणि ती गादीवाफ्याचीच खास आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (दलदलीतला कुजका पाला) घातलेलं मिश्रण एकदा पार सुकलं की पाणी पटकन धरत नाही. सुकताना ते आक्रसतं, फळीपासून बोटभर सुटतं, आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. बुडातून पाणी वाहताना दिसलं की आपल्याला वाटतं भिजलं छान. मी एकदा वीस लिटर पाणी घातलेल्या वाफ्यात खुरपं घातलं, तर वरचा सेंटिमीटरभर थर काळा ओला आणि त्याखाली फिकट भुसा, फुंकला असता तर उडाला असता. त्यावर उपाय म्हणजे झारीने थोडं पाणी, वीस मिनिटं विश्रांती, पुन्हा थोडं, असं तीन-चार वेळा. फळीलगतची फट बोटांनी दाबून बुजवा. नंतर चार-पाच सेंटिमीटर सुकल्या पानांचं आच्छादन, पण बुंध्याला चिकटवू नका.

हिशेबासाठी एवढं लक्षात ठेवा: एक चौरस मीटर वाफ्यावर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. मध्यम हवेत आठवड्याला साधारण २५ लिटर दर चौरस मीटरला लागतात, कडक उन्हात बरंच जास्त. बाजूंनी ऊन आणि वारा लागत असल्यामुळे गादीवाफा जमिनीतल्या वाफ्यापेक्षा लवकर सुकतो. आकडा हा फक्त अंदाज, शेवटचा शब्द बोटाचा.

३. पान उलटं करा

ठिपके असतील तर पाण्याआधी हीच तपासणी करा. पांढरा कागद पानाखाली धरून पानावर दोन टिचक्या मारा आणि कागदाकडे अर्धा मिनिट बघत राहा. मिरपुडीएवढे कण चालायला लागले तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड. त्यावरून बोट फिरवल्यावर तांबूस-हिरवट रेघ उमटते. हात लावताच पांढरा धुरळा उडाला तर पांढरी माशी. कोवळ्या शेंड्यावर हिरवी-काळी गर्दी आणि मुंग्यांची ये-जा असेल तर मावा. हे सगळे पानातला रस ओढतात, त्यामुळे पिवळेपणा खरा असतो, पण मातीचा त्यात काही दोष नसतो.

पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने, तीन दिवस लागोपाठ. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. नाहीतर निंबोळी तेल: एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि ते मिसळण्यापुरता थोडा सौम्य द्रव साबण. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. फवारणी संध्याकाळीच करा. उन्हात मारलं तर पानं भाजतात, आणि दिवसा मधमाश्या कामावर असतात.

भेंडीच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या असतील तर तो केवडा, विषाणूचा रोग. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि त्याला औषध नाही. झाड उपटून वाफ्याबाहेर काढायचं, आजच. "फळ आलंय, चार दिवस राहू दे" म्हणून मी एक झाड ठेवलं होतं आणि पुढे सगळी ओळ गेली.

४. शेजारी कोण आहे?

सेंद्रिय वाफ्यात आपण हौसेने सगळं एकत्र लावतो. टोमॅटोच्या पायाशी पालक, मधे कोथिंबीर, कडेला वेल. पुस्तकात छान दिसतं. पण टोमॅटो, भोपळा, कोबी, मका हे खादाड; त्यांच्या मुळांच्या गर्दीत पालेभाजीला उरतं ते शिळंपाकं. वाफा तीस सेंटिमीटर खोल असेल तर मुळांना खाली पळायलाही जागा नसते. टोमॅटोच्या दोन झाडांत निदान ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर हवं. त्याहून दाटी असेल तर मधलं एक रोप मनावर दगड ठेवून बुंध्याशी कापा. उपटू नका, शेजाऱ्याची मुळं तुटतात.

शेंगवर्गीय भाजी शेजारी लावली म्हणजे फुकट नत्र, हा समज अर्धाच खरा. घेवडा किंवा चवळी हवेतलं नत्र बांधते ती मुख्यतः स्वतःसाठी. शेजाऱ्याला त्यातलं बरंचसं मिळतं ते तिची मुळं-पाला मातीत कुजल्यावर. आणि ती बांधते आहे का हेही बघता येतं: मुळावरची एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर कारखाना चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर नत्र बांधणं अजून सुरू झालेलं नाही किंवा थांबलंय.

५. मिश्रणात काय काय घातलं होतं, आठवा

दुसऱ्या वर्षीच्या पिवळेपणाचं मूळ बहुतेकदा इथे असतं. वाफा भरताना मिश्रण काठोकाठ होतं, आता चार-पाच बोटं खाली बसलंय. ते गेलं कुठे? कुजलं. सेंद्रिय पदार्थ जिवाणूंनी खाल्ला, पोकळ्या मोडल्या, मिश्रण दाबलं गेलं. मग आपण खड्डा भरायला जे हाताशी असेल ते घालतो: सुकी पानं, लाकडाचा भुसा, सालीचे तुकडे. आणि ते मिसळून टाकतो. चूक तिथे होते.

मीही केली होती. एका सुतारकाम करणाऱ्याकडून भुश्याच्या दोन गोण्या आणल्या आणि फावड्याने छान खालीवर केल्या. तीन आठवड्यांत वाफा असा फिका पडला की शेजारच्या काकूंनी विचारलं, ही पिवळ्या पानाची नवी जात का? भुश्यात दर चारशे-पाचशे भाग कर्बाला (कार्बनला) जेमतेम एक भाग नत्र असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला साधारण आठास एक लागतं. भुश्यात ते मिळत नाही, मग ते मातीतलं नत्र उचलतात, झाडाच्या तोंडातून काढून. हे नत्र कायमचं जात नाही. भुसा कुजून संपला की परत सुटतं. पण तोवर हंगाम गेलेला असतो. तोच भुसा मिसळण्याऐवजी वर पसरला असता तर एवढा त्रास झाला नसता. पृष्ठभागावर ही उचल फक्त वरच्या पातळ थरात होते, मुळं खाली सुखात असतात.

असं झालं असेल तर मिसळलेलं वेचत बसू नका. चांगलं कुजलेलं गांडूळखत दोन सेंटिमीटर थराने वर पसरा, हलकं खुरपून पाणी द्या, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा. घाई असेल तर पेंड दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, चहासारखा रंग येईपर्यंत पातळ करून ओल्या मातीत घाला. कोरडी पेंड मुळाशी कोंबू नका. ती कुजताना तापते आणि कोवळी मुळं भाजतात. पुढे दर वर्षी दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट हा वाफ्याचा नेहमीचा खर्च धरून चला.

अर्धवट कुजलेलं शेणखतही इथेच पकडायचं. हातात घेऊन चुरा. काळसर, भुसभुशीत, मातीचा वास, तर झालं. नाकात झोंबणारा वास किंवा आत गरम लागलं तर अजून कच्चं आहे. कच्चं शेण भाजीच्या वाफ्यात नको, त्यात पोटाच्या रोगांचे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात, खायचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं शेण घातल्यापासून १२० दिवस, आणि लागत नसेल तर ९० दिवस काढणी करता येत नाही. घरच्या वाफ्यालाही मी हाच आकडा धरते.

६. सामू आणि क्षार

इथून पुढे थोडा खर्च आहे. सामू (pH) म्हणजे माती आंबट की खारी याचं माप. त्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. माती एक भाग, डिस्टिल्ड पाणी अडीच भाग, चांगलं ढवळा, अर्धा तास ठेवा, वर आलेल्या नितळ पाण्यात पट्टी बुडवा. नळाचं पाणी वापरू नका, नाहीतर नळाचाच सामू मोजाल. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ मानवतो. साडेसातच्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना विरघळलेल्या रूपात मिळत नाही, आणि शेंडा पिवळा, शिरा हिरव्या असं चित्र दिसतं.

सामू चढण्याची तीन कारणं मला वारंवार सापडली आहेत: राख, चुनखडीची माती आणि जड (चुन्याचे क्षार असलेलं) पाणी. राखेबद्दल लोकांना भलतंच प्रेम असतं. पालाश मिळतो हे खरं, पण लाकडाच्या राखेत सगळ्यात जास्त असतं ते चुन्यासारखंच कॅल्शियम कार्बोनेट. मिश्रणात चुनखडी आहे का हे बघायला सुकी माती बशीत घेऊन वर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर आहे. अशा वाफ्यात राख आणि चुना पूर्ण बंद करायचा, भरपूर कंपोस्ट घालायचं, पावसाचं पाणी साठवता आलं तर ते वापरायचं. गंधक घालून सामू उतरतो, पण ते काम जिवाणू करतात आणि त्याला महिने लागतात. चुनखडी खूप असेल तर गंधकाचाही फारसा उपयोग होत नाही.

क्षार डोळ्यांना दिसतात: सुकल्यावर मातीवर किंवा फळीच्या आतल्या बाजूला पांढरी खपली. सोबत पानांच्या कडा करपलेल्या. न धुतलेलं कोकोपीट, जास्त झालेलं कोंबडीखत, खारं पाणी, यांपैकी काहीतरी असतं. खपली खरवडून काढा. निचरा चांगला असेल तरच, वाफ्यातून सावकाश भरपूर पाणी जाऊ द्या म्हणजे क्षार खाली धुतले जातील. निचरा वाईट असताना हे केलंत तर दुसऱ्या तपासणीतलं संकट स्वतःच्या हाताने आणाल.

आणि हो, पिवळं दिसलं की एप्सम सॉल्ट, हा सल्ला सोडून द्या. ते मॅग्नेशियमच्या कमतरतेचं औषध आहे. खालच्या पानांवर शिरा हिरव्या नि मध्ये पिवळं असेल आणि पाणी, सामू दोन्ही ठीक असतील, तरच त्याचा विचार. उगीच घातलेलं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं.

७. घेवड्याची परीक्षा

नवी पानं वळलेली, दोऱ्यासारखी झाली असतील आणि खत बाहेरून आणलेलं असेल, तर ही परीक्षा घ्याच. काही तणनाशकं गवतावर मारली जातात, गवत जनावर खातं, आणि ते औषध न विघटता शेणातून खतात येतं. ब्रिटनमध्ये २००८ साली अशा खतामुळे अनेकांच्या बागांतले टोमॅटो आणि शेंगभाज्या वाकड्या झाल्या, आणि अमिनोपायरॅलिड या तणनाशकाचा वापर काही काळ थांबवावा लागला.

सहा कुंड्या घ्या. तिघींत संशयित खत आणि साधी माती निम्मी-निम्मी, तिघींत नुसती खात्रीची माती. प्रत्येकीत घेवड्याचे तीन-चार दाणे. पाणी सारखं, ऊन सारखं. खालच्या बशा वेगळ्या ठेवा, नाहीतर पाझरलेलं पाणी इकडून तिकडे जाईल. तीन पानं येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, थांबा. खताच्या कुंड्यांतलीच पानं मुडपली तर उत्तर मिळालं. त्या वाफ्यात हा हंगाम टोमॅटो, बटाटा, शेंगभाजी नको. मका तगतो. आणि त्या वाफ्याचा पालापाचोळा कंपोस्टच्या ढिगात अजिबात टाकू नका, तेच औषध पुढच्या वर्षी पुन्हा वाफ्यात येतं.

८. एक झाड बळी द्या

वरचं काहीच लागू पडलं नाही, तर सगळ्यात वाईट नव्हे, मध्यम आजारी झाड निवडा. पार मेलेल्या झाडावर सगळेच किडे येतात, त्यातला खरा चोर ओळखू येत नाही. फावडं लांबून घालून मातीसकट उचला, बादलीत मुळं बुडवून हलकेच धुवा.

मुळं पांढरी आणि ताठ, तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत, वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येणारी, तर मूळकूज. पुन्हा पाण्याकडे वळा. मुळंच नाहीत, झाड हाताने सहज वर आलं, तर मातीत हुमणी शोधा: पांढरी, जाड, अर्धचंद्रासारखी वळलेली अळी. शेणखताबरोबर येते. एकेक वेचून काढणं हाच छोट्या वाफ्यातला खात्रीचा उपाय.

गाठी दिसल्या तर घाबरण्याआधी नखाने खरवडा. शेंगवर्गीय झाडाच्या उपयोगी गाठी मुळावर बाजूला चिकटलेल्या असतात, सहज सुटतात. सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमीची) गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, मोत्यांची माळ गिळल्यासारखं. ती सुटत नाही, तोडावी लागते. त्या वाफ्यात झेंडू दाट लावून पूर्ण हंगाम राहू द्या. ओळीच्या टोकाला शोभेची चार झाडं लावून काही होत नाही.

मग खोड बुंध्याशी तिरकं कापा. आत कडेने तपकिरी कडं दिसलं तर मर रोग. बुंध्याजवळचा पाच सेंटिमीटरचा तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक बुडेल असा, लटकवून धरा. हात हलवू नका. काही मिनिटांत टोकातून दुधासारखा धागा खाली उतरायला लागला तर जिवाणूजन्य मर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पेला खिडकीसमोर धरला होता. धागा इतका बारीक होता की आधी पेल्याला चिकटलेला केस वाटला. मग तो तळाशी जाऊन ढगासारखा पसरला.

९. बूड

सगळ्यात कष्टाचं काम म्हणून शेवटी. वाफ्याच्या तळापर्यंत, साधारण तीस सेंटिमीटरचा खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळेला पट्टी लावून मोजा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर निचरा कमी आहे. बुडाशी खडीचा थर असेल तर तो निचऱ्याला मदत करतो हा गैरसमज आहे. बारीक मिश्रणातलं पाणी खडीच्या वर अडून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. खडी काढा, खालची कडक जमीन कुदळीने टोचून मोकळी करा, मिश्रण पुन्हा भरा.

खणताना बोटाएवढी जाड, तुम्ही लावलेल्या कुठल्याच भाजीची नसलेली मुळं सापडली, तर वर मान करून बघा. जवळच्या मोठ्या झाडाने तळातून वाफ्यात मुळं पाठवली आहेत. तुमचं पाणी आणि खत वर्षभर त्यालाच जातंय. तोडून फायदा नाही, ती परत येतात. वाफा हलवा किंवा तळ उचलून त्याला पाय लावा.

कुठे थांबायचं

पेल्यात दुधी धागा दिसला तर घरगुती उपाय बंद. झाडं मुळासकट काढून टाका, अवजारं धुवा, आणि त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काही वर्षं नको; किती वर्षं आणि त्याऐवजी काय, ते वनस्पतिरोग तज्ज्ञाला विचारा. दोन-तीन दिवसांत निम्मा वाफा कोसळला तर शोधत बसू नका, ताजं आजारी झाड मुळासकट पिशवीत घालून तज्ज्ञाकडे न्या. दोनदा उपाय करून, मधे पुरेसं थांबूनही नवी पानं पिवळीच येत असतील तर माती परीक्षण करा. लोह, जस्त यांसारखी सूक्ष्म द्रव्यं अंदाजाने घालायची नसतात. काहींच्या बाबतीत कमी आणि विषारी यांच्यात अंतर थोडं असतं.

एका बाबतीत मात्र पिवळेपणाची वाटही बघू नका. वाफ्याच्या फळ्या रेल्वेच्या जुन्या स्लीपरच्या असतील, जुन्या हिरवट प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या असतील, किंवा माती जुन्या रंगवलेल्या भिंतीलगतची, कारखान्याच्या आवारातली असेल, तर शिसं, आर्सेनिक आणि स्लीपर असतील तर क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी तेल) यांची तपासणी प्रयोगशाळेतच होते. शिसं मातीत असलं तरी झाड हिरवंगार दिसू शकतं. अहवाल येईपर्यंत तिथली पालेभाजी आणि कंदमुळं खाऊ नका, लहान मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका.

नमुना नेताना: वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वरचं आच्छादन सारून पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा, खडे-मुळं काढा, सावलीत सुकवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. नुकतंच खत घातलं असेल तर महिनाभर थांबून घ्या. सामू, विद्युत वाहकता (क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद (फॉस्फरस)-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, एवढं मागा. सोबत पहिल्या तपासणीतला चौकोनाचा कागद आणि गेल्या वर्षभरात वाफ्यात काय काय घातलं त्याची यादी न्या, भुश्यासकट.